गुडघा, ब्रेक आणि मुदत

गुडघ्यातील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया करवून मनुष्य कुबड्यांच्या आधाराने घरी येतो, आणि वेदनांचा पहिला अंमल ओसरताच जो व्यवहारी प्रश्न तो डॉक्टरांपुढे ठेवतो, तो पुष्कळदा चालण्याविषयीचा नसून गाडी चालवण्याविषयीचा असतो. उत्तरही ठरलेले असते: उजवा गुडघा असेल तर साधारण सहा आठवडे, डावा असेल आणि गाडी आपोआप गिअर बदलणारी असेल, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा हुकूम इतक्या निःशंकपणे सुनावला जातो, की तो अस्थी आणि स्नायू यांच्या स्वभावातूनच निघाला असावा, असा रुग्णाचा समज व्हावा. वस्तुतः त्याच्या मुळाशी दोन सर्वस्वी भिन्न इतिहास आहेत; एक वैद्यकाचा, दोन सहस्रकांचा, आणि दुसरा मोटारचालकाच्या पायाखाली कोणती पट्टी कोठे बसवावी याचा, जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा; आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या मुदतीत पहिल्यापेक्षा दुसऱ्याचाच वाटा अधिक आहे.

आपल्याकडील प्राचीन शल्यतंत्राने सांध्याच्या दुखापतीचा विचार केला होता, आणि तो वरवरचा नव्हता. सुश्रुताने शरीरात नऊशे स्नायू, म्हणजे आजच्या परिभाषेतील बंध, मोजले आणि अनेक दोरांनी फळ्या आवळून बांधलेली नौका जशी भार वाहते, तसे हे बंध सांध्यांकरवी मनुष्याला भार वाहण्यास समर्थ करतात, असे सांगितले. गुडघ्याला त्याने मर्मस्थानांत गणले आणि तेथील आघाताने मनुष्य लंगडा होतो, हे नमूद केले. अस्थिभंगावर झाडांच्या सालींच्या व बांबूच्या पट्ट्या बांधाव्यात. ते बंधन थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे. तरुणाचे हाड एका महिन्यात, मध्यमवयस्काचे दोन महिन्यांत, वृद्धाचे तीन महिन्यांत सांधते, अशी मुदतीची कोष्टकेच तेथे आहेत. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते मात्र निराळेच. तळहाताचे हाड सांधल्यानंतर रुग्णाने प्रथम शेणाचा गोळा, मग मातीचा, आणि बळ आल्यावर दगड हाती धरावा, असा क्रम त्याने घालून दिला. हाड जुळणे आणि अवयव कामास येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर श्रमानेच कापावे लागते, ही समज त्या तीन गोळ्यांत आहे. पुढे आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांच्या हाती पट्ट्या आणि लेप राहिले. गोळ्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी गळाला.

युरोपातही या बंधांची ओळख जुनी आहे. पर्गमम येथे ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणाऱ्या गालेनने गुडघ्यातील एकमेकांना छेदून जाणारे दोन बंध वर्णिले होते. परंतु त्यांच्याविना गुडघा नेमका कसा वागतो, हे पाहण्यास १८३६ साल उजाडावे लागले, जेव्हा जर्मनीतील विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी चालण्याच्या यंत्रणेवरील आपल्या ग्रंथात, पुढचा बंध कापला असता नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून अनैसर्गिकपणे पुढे सरकते, हे दाखवून दिले. १८४५ च्या सुमारास लियाँ शहरातील आमेदे बोने या शल्यविशारदाने बंध तुटतानाचा कट्कन होणारा आवाज, सांध्यात भरणारे रक्त आणि त्यानंतरची पायाची असमर्थता यांचे वर्णन केले. मैदानावर पाय मुरगळून पडलेला खेळाडू आज डॉक्टरांना जी कैफियत देतो, ती याहून फारशी वेगळी नसते. बोने यांना सांधा दीर्घकाळ निश्चल ठेवण्याचे तोटेही दिसले होते. परंतु काळ त्यांच्या बाजूचा नव्हता. १८५२ साली मॅथायसेन या डच लष्करी शल्यविशारदाने प्लास्टरची पट्टी प्रचारात आणली, लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हाच सांध्याचा उपचार असा सिद्धान्त मांडला, आणि पुढील शतकभर गुडघ्यावर विश्रांतीचेच राज्य चालले.

शस्त्राने बंध सांधण्याची पहिली प्रसिद्ध हकीकत इंग्लंडमधील लीड्सची आहे. १८९५ साली मेयो रॉबसन यांनी खाणीत दुखापत झालेल्या एकेचाळीस वर्षांच्या कामगाराचे दोन्ही बंध शिवले, आणि १९०३ साली ती हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्या कामगाराचा पाय, त्याच्याच सांगण्यानुसार, उत्तम बळकट होता. शस्त्रक्रिया झाली त्या वर्षी साऱ्या इंग्लंडात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तेव्हा त्या गृहस्थाने गाडीविषयी काही विचारले असेल, तर ते घोड्याच्याच. नुसते शिवलेले बंध पुष्कळदा पुन्हा सैलावत. थॉमस यांच्या हाताखाली तयार झालेले रॉबर्ट जोन्स यांनी तर १९१६ मध्ये असे शिवणे निष्फळ ठरवले. तुटलेला बंध शिवण्याऐवजी नवा घालावा, ही कल्पना महायुद्धाच्या धुमाळीत पुढे आली. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरील बाजूच्या चिवट पडद्याची एक पट्टी काढून, दोन्ही हाडांत बोगदे पाडून, ती मूळ बंधाच्या मार्गाने ओवली. आजची शस्त्रक्रिया पट्टी कोठून घ्यावी याविषयी त्यांच्याशी मतभेद करते. बोगदे पाडण्याविषयी करीत नाही. १९६० च्या दशकात गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा वापरात आली, नंतर मांडीच्या मागील बाजूच्या कंडराही.

सांध्याच्या आत डोकावणाऱ्या दुर्बिणीची कथा जपानची. १९१८ साली तोक्यो येथे केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची नळी एका शवाच्या गुडघ्यात घालून पाहिली; त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५९ च्या सुमारास एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण सिद्ध केली; आणि १९६४ साली तोक्योला गेलेले टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन ती विद्या पश्चिमेत घेऊन आले. १९८० मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून बंधाची पुनर्रचना केली. मोठी चीर गेली आणि तिच्याजागी दोनतीन भोके आली.

परंतु चीर लहान झाली म्हणून मुदत लहान झाली, असे जे समजले जाते, ते अर्धेच खरे आहे. शस्त्रक्रियेनंतर पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याची वहिवाट १९७० च्या दशकातही चालू होती, आणि प्लास्टर उतरल्यावर आत सापडे ती लाकडासारखी आखडलेली, वाळलेली मांडी. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग करून हालचाल सांध्याच्या कूर्चेला तारक ठरते, हे दाखवले. तरी निर्णायक पुरावा माणसांकडून आला, आणि तोही आज्ञाभंगातून. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे डोनाल्ड शेल्बोर्न आणि पॉल निट्झ यांच्या ध्यानात आले, की सांगितलेले निर्बंध झुगारून लवकर पाय टेकणारे, गुडघा पूर्ण सरळ करणारे रुग्ण, आज्ञाधारक रुग्णांपेक्षा लवकर आणि चांगले बरे होत आहेत. १९९० साली त्यांनी त्वरित पुनर्वसनाची पद्धती प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासात अवज्ञेला इतके उघड श्रेय क्वचितच मिळाले असेल. आणि ते देण्याचा मोठेपणा दोघांनी दाखवला, हेही नमूद केले पाहिजे.

आता दुसरा इतिहास. फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली बाजारात आली; तिच्या तीन पट्ट्यांपैकी डावी गिअरसाठी, मधली उलटे जाण्यासाठी आणि उजवी ब्रेकसाठी होती. वेग वाढवण्याचे काम सुकाणूखालच्या दांडीने हाताकडे सोपवलेले होते. इतर कारखानदारांनी आपापल्या मर्जीप्रमाणे मांडणी केली; काहींनी वेगाची पट्टी मधोमधही बसवली. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे वेग, ही आजची मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक गाडीत दिसते आणि १९२२ पासूनच्या ऑस्टिन सेव्हन या लहान, स्वस्त मोटारीने ती सर्वत्र रुजवली. त्या घडीपासून वेग आणि थांबणे ही दोन्ही खाती उजव्या पायाच्या दप्तरी जमा झाली, आणि डाव्या पायाकडे क्लचचे एकच, जड पण कमी जोखमीचे काम राहिले. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये गिअर आपोआप बदलू लागला आणि डावा पाय तेथे सेवानिवृत्तच झाला. डावा-उजवा हा भेद गुडघ्यांना ठाऊक नाही. तो त्यांच्यावर कारखान्यांनी लादला.

मोटारींत जे एकदा ठरले, ते आपल्याकडील दुचाकींत कित्येक दशके ठरतच राहिले. १९५५ पासून मद्रासेत तयार होणाऱ्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेल्या जावामध्ये किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा होता, आणि तो डावीकडे. म्हणजे ज्याचा डावा गुडघा निकामी, त्याला जावा सुरूही करता येत नसे आणि गिअरमध्येही घालता येत नसे. पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाज स्कूटरीची तऱ्हा तिसरीच. गिअर आणि क्लच डाव्या मुठीत. ब्रेकची पट्टी आणि किक मात्र उजव्या पायाकडे. स्टँडवर चढवताना जोर द्यायचा, तोही बहुधा उजव्याच पायाने. १९७० आणि १९८० च्या दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे वाहन म्हणजे चेतक, आणि ती मिळण्यास नोंदणीनंतर वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे. अशा घरातील कर्त्या पुरुषाच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, की सकाळी स्कूटर डावीकडे कलती करून किक मारण्याचे काम मुलाकडे किंवा शेजाऱ्याकडे जाई. सुरू झालेली स्कूटर आपण चालवू, असे त्या गृहस्थास वाटे. पण चौकात ब्रेक लावायचा तो त्याच पायाने. डाव्या गुडघ्याचा रुग्ण किक मारू शके, पण सिग्नलपाशी उजवा पाय ब्रेकवर असताना साऱ्या गाडीचा, आणि मागे बसलेल्या पत्नीचा, भार डाव्या पायाने पेलावा लागे. १९८४ साली बटणाने सुरू होणारी, गिअर नसलेली, दोन्ही ब्रेक हातांत असलेली कायनेटिक होंडा आली, तेव्हा तिचे स्वागत स्त्रियांचे वाहन म्हणून झाले. गुडघेदुखीवाल्यांनी तिला मूकपणे आपलेसे केले, असे मला अनेकांच्या बोलण्यातून जाणवले आहे.

ऑपरेशननंतर गाडी केव्हा चालवावी, हा प्रश्न वैद्यकाने मोजमापाच्या कक्षेत घेतला तो फार उशिरा, आणि तोही प्रथम वृद्धांच्या सांधेबदलाच्या निमित्ताने. १९८८ साली कृत्रिम खुबा आणि १९९४ साली कृत्रिम गुडघा बसवलेल्या रुग्णांना ब्रेक लावण्यास किती वेळ लागतो, याचे अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींतून आठ आठवड्यांच्या आसपासची मुदत पुढे आली. अस्थिबंधाच्या रुग्णांची पाळी २००० साली आली. रुग्णाला कृत्रिम चालकासनावर बसवावे, खूण दिसताच पाय वेगाच्या पट्टीवरून उचलून ब्रेकवर दाबण्यास सांगावे, आणि लागलेला वेळ निरोगी माणसाशी ताडून पाहावा, ही या अभ्यासांची रीत. उजव्या गुडघ्यासाठी चार ते सहा आठवडे आणि डाव्यासाठी सुमारे दोन, हे आज सर्वतोमुखी असलेले आकडे याच अभ्यासांचे अपत्य आहेत. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात दीड मीटरहून अधिक अंतर काटते. पादचारी वाचणे वा न वाचणे पुष्कळदा त्या दीड मीटरात ठरते.

येथे एक विपरीत गोष्ट घडते, जी फार थोड्या रुग्णांना सांगितली जाते. हाडात ओवलेली नवी कंडरा शरीरात रुजताना प्रथम दुर्बळ होत जाते आणि मग काही महिन्यांनी बळावते. सहाव्या आठवड्यात, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवण्याची मुभा मिळते तेव्हा, ती शस्त्रक्रियेच्या दिवसाहून कच्चीच असते. खेळाच्या मैदानावर परतण्यास नऊ महिने वा अधिक थांबावे लागते, ते त्यामुळे. ब्रेक दाबताना पाऊल पट्टीवर टेकलेले असते, मांडीचे पुढचे व मागचे स्नायू एकत्र काम करतात, आणि त्या बंधावर ताण फारसा येत नाही. तेव्हा सहा आठवडे थांबायचे ते बंधासाठी नव्हे, मांडीसाठी. सुजलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांनी मांडीचा पुढचा स्नायू जणू बरखास्त होतो. मनुष्य आज्ञा देतो आणि स्नायू ती उशिरा, अपुरी पाळतो. फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी देऊन तो दाबण्याचा तगादा लावतात, ते या आज्ञापालनासाठी. सुश्रुताच्या शेणाच्या गोळ्याचे हे सरळ वंशज आहे.

आपल्या कायद्याच्या दप्तरात मात्र हा सारा इतिहास उतरलेला नाही. १९१४, १९३९ आणि १९८८ या तिन्ही सालच्या मोटार कायद्यांचे लक्ष मुख्यत्वे कायमच्या व्यंगाकडे राहिले. परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना क्रमांक एकमध्ये अर्जदार, आपण हात वा पाय गमावला आहे काय आणि हातापायांच्या स्नायुशक्तीत काही दोष आहे काय, या प्रश्नांना आपल्या सहीने उत्तर देतो. अपात्र व्यक्तीचा परवाना रद्द करण्याचा किंवा वैद्यकीय दाखला मागण्याचा अधिकारही परिवहन खात्यास आहे. ब्रिटनमध्ये दुखण्याचा चालवण्यावरील परिणाम तीन महिन्यांहून अधिक टिकणार असेल, तर परवाना खात्यास कळवावे लागते. आपल्याकडे नमुना क्रमांक एक भरायचा तो परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना. मधल्या वर्षांत ज्याचा गुडघा दुरुस्त झाला, तो गृहस्थ कुबड्या कोपऱ्यात ठेवून थेट चालकाच्या जागेवर जाऊन बसला, तरी त्याच्याकडे कोणी कागद मागत नाही. शहाणे डॉक्टर अशा वेळी एकच तजवीज सुचवतात: गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, पूर्ण जोराने ब्रेक दाबून पाहावा, आणि वेदनेने पाय किंचितही आखडला, तर आणखी आठवडाभर रिक्षाने जावे.