क्री समाजातील बायसन-शिकार : कोंडवाडा आणि दंतकथा

कॅनडाच्या मैदानी प्रदेशातील क्री आदिवासी स्वतःस ‘नेहियावक’ म्हणवितात. त्यांच्या पारंपरिक जीवनाचा मुख्य आधार बायसन हा होता. (आपल्याकडील गव्यास ‘इंडियन बायसन’ म्हटले जात असले तरी तो निराळा प्राणी होय.) केवळ शिकारतंत्राच्या वर्णनावरून या जीवनाची एकच बाजू कळते, दुसरी दंतकथांत शोधावी लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हिवाळ्यात अनेक कुटुंबे एकत्र येऊन ओंडक्यांचा गोलाकार कोंडवाडा उभारीत. त्याच्या तोंडापासून बाहेर फाकत जाणाऱ्या दोन रांगांमधून कळप आत आणला जाई. रांगांच्या आडोशाला दडलेली माणसे ऐनवेळी उठून जनावरांना बुजवीत. मध्यभागीच्या झाडास अर्पणवस्तू बांधीत. कोंडवाडा उभारणाऱ्याजवळ दैवी सामर्थ्य असते, अशी श्रद्धा होती. मांस सर्वांत वाटले जाई. ते वाळवून, कुटून व त्यात चरबी मिसळून ‘पेमिकन’ हे टिकाऊ अन्न करीत. हा शब्दही मूळचा क्री भाषेतलाच.

‘मिस्तासिनी’ म्हणजे मोठा दगड. त्याची कथा निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. प्रवासात हरवलेले एक क्री बालक बायसनांनी वाढविले. मोठेपणी आपण मनुष्य असल्याचे त्यास कळले व तो माणसांत परतला. परंतु शिकारीत आपला पालक बायसन मारला गेल्यावर तो स्वतः बायसन झाला आणि पुढे शिळारूप पावला. ज्याचे मांस खावयाचे त्यालाच पिता मानणारी ही कथा शिकाऱ्यांनीच जपली, ही बाब विलक्षण आहे. येथे शिकार हा केवळ उदरनिर्वाह नसून नात्यातील ऋणही ठरते.

१८७९ च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांतून बायसनांचे कळप जवळजवळ नाहीसे झाले. तत्पूर्वी १८७६ च्या सहाव्या करारात दुष्काळप्रसंगी साहाय्य देण्याचे कलम आले होते. तरीही उपासमार टळली नाही. त्या वाटाघाटींत कराराच्या अटींना हरकत घेणारा पाउंडमेकर याचे नावच कोंडवाड्यावरून पडलेले होते. १८८५ च्या उठावानंतर त्यास राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला व १८८६ मध्ये त्याचे निधन झाले. कॅनडा सरकारने त्यास दोषमुक्त केले ते २०१९ मध्ये!

दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या खोऱ्यातील सुमारे ४०० टनांची मिस्तासिनी शिळा गार्डिनर धरणाच्या जलाशयात बुडणार होती. ती वाचविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले आणि १९६६ मध्ये ती सुरुंगाने फोडण्यात आली. तिचे काही तुकडे पाउंडमेकरच्या स्मारकासाठी वापरले गेले.