काळ्या वस्त्रांतील सम्राज्ञी

युरोपच्या अर्वाचीन इतिहासांत राज्य गमावलेल्या राण्यांची वाण नाहीं. परंतु जेमतेम दोन वर्षें सिंहासनावर बसून पुढें सत्तर वर्षें त्या सिंहासनावांचून घराण्याचा संसार सांभाळणारी स्त्री विरळाच. ऑस्ट्रिया-हंगेरीची शेवटची सम्राज्ञी झीटा ही अशी स्त्री होती.

तिचा जन्म ९ मे १८९२ रोजीं इटलींत लुक्का नगराजवळ झाला. तिचा बाप पार्म्याचा ड्यूक रॉबर्ट. पण त्याचें राज्य तो लहान असतांनाच, १८५९ सालीं, इटलीच्या एकीकरणाच्या लाटेंत बुडालें होतें. दोन विवाहांपासून त्याला २४ अपत्यें झालीं. झीटा त्यांतली सतरावी. घर निष्ठावंत रोमन कॅथलिक. तिच्या सख्ख्या बहिणींपैकीं तिघींनीं मठवास पत्करला. राज्य नसलेल्या राजघराण्यांत कसें राहावें, याचा धडा तिला माहेरींच मिळाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

२१ ऑक्टोबर १९११ रोजीं तिचा विवाह हॅब्सबर्ग घराण्यांतील आर्चड्यूक कार्ल याच्याशीं झाला. त्या वेळीं कार्ल गादीचा प्रत्यक्ष वारस नव्हता. १९१४ सालीं सराजेव्होस वारसाचा खून झाला आणि १९१६ च्या नोव्हेंबरांत वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ निवर्तला. तेव्हां २४ वर्षांची झीटा सम्राज्ञी झाली. कार्लला युद्ध थांबवावयाचें होतें. झीटाचे दोघे भाऊ शत्रुपक्षाकडील बेल्जमच्या सैन्यांत होते; त्यांच्या हातीं १९१७ सालीं फ्रान्सशीं तहाचें गुप्त बोलणें झालें. पुढल्या वर्षीं तें उघडकीस आलें, आणि खापर फुटलें तें परदेशीं जन्मलेल्या सुनेच्या माथीं. ही रीत कोठेंहि निराळी दिसत नाहीं.

युद्ध हरलें, साम्राज्य मोडलें. मार्च १९१९ मध्यें हें कुटुंब स्वित्झर्लंडला गेलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलमध्यें, ऑस्ट्रियानें कायदा केला कीं, हॅब्सबर्गांपैकीं जो आपले हक्क सोडून प्रजासत्ताकाशीं एकनिष्ठ राहील त्यालाच देशांत थारा. १९२१ सालीं हंगेरीची गादी परत मिळविण्याचे कार्लचे दोन्ही प्रयत्न फसले, आणि दोस्त राष्ट्रांनीं पतिपत्नींना अटलांटिक महासागरांतील पोर्तुगालच्या मदीरा बेटावर नेऊन सोडलें.

तेथील हाल ऐकण्यासारखे आहेत. पैसा नाहीं, जडजवाहीर हातचें गेलेलें, आणि राहावयास डोंगरावरील धुक्यानें ओलावलेलें एक उसनें घर. मार्च १९२२ मध्यें एका मुलाच्या वाढदिवसासाठीं खेळणें आणावयास कार्ल पायीं गांवांत उतरला. परततांना त्याला गारठा बाधला. सर्दीचा न्यूमोनिया झाला, आणि १ एप्रिल रोजीं ३४ व्या वर्षीं त्यानें देह ठेवला. अंतकाळीं झीटानें नऊ वर्षांच्या ओटोला, थोरल्या मुलाला, मुद्दाम बापाच्या बिछान्याजवळ आणविलें. ती स्वतः तेव्हां २९ वर्षांची. सात मुलें पदरीं आणि आठवें पोटांत. त्या दिवशीं अंगावर घातलेलीं काळीं वस्त्रें तिनें मरेपर्यंत उतरविलीं नाहींत.

स्पेनच्या राजानें युद्धनौका धाडून तिला आश्रय दिला. तेथें बास्क किनाऱ्यावरील लेकेइटिओ या कोळ्यांच्या गांवीं तिनें मुलांची जणू शाळाच चालविली. ऑस्ट्रियन आणि हंगेरियन असा दोन्ही देशांचा अभ्यासक्रम, निरनिराळ्या भाषा, पहाटेची प्रार्थना, घड्याळाच्या कांट्यावर चालणारा दिवस. आजच्या आईबापांना तें वेळापत्रक कडक वाटेल. पण ज्या मुलांना देश नाहीं त्यांना शिस्तीखेरीज दुसरें कोणतें वतन द्यावयाचें? पुढें ओटोच्या उच्च शिक्षणासाठीं ती बेल्जममध्यें गेली. १९३५ सालीं त्यानें लूव्हेन विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली. मे १९४० मध्यें जर्मन विमानें येऊन धडकलीं. कुटुंब कसेंबसें फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल करीत अमेरिकेस पोहोंचलें. कॅनडांत क्वेबेकला एके काळची सम्राज्ञी रानांतला पाला खुडून भाजी करी. युद्ध संपल्यावर तीच बाई गांवोगांव फिरून उपाशी ऑस्ट्रिया-हंगेरीसाठीं मदत गोळा करूं लागली. ज्या देशाचे दरवाजे तिला बंद होते, त्याच देशासाठीं.

ते दरवाजे एका सहीनें उघडले असते. ओटोनें १९६१ सालीं हक्क सोडल्याची सही केली आणि पांच वर्षांनीं त्याला प्रवेश मिळाला. झीटानें केली नाहीं. १९७१ सालीं थोरली कन्या वारली. तिला ऑस्ट्रियांत टिरोलमध्यें मूठमाती दिली गेली, पण आईला तेथें जातां आलें नाहीं. इतका हट्ट धरावा काय, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. परंतु तिच्या दृष्टीनें सम्राज्ञीपद ही मालमत्ता नव्हती. तें देवासमोर घेतलेलें व्रत होतें, आणि व्रताचा राजीनामा देतां येत नाहीं. अखेर १९८२ सालीं, सहीची अट न घालतां, सरकारनें तिला येऊं दिलें. ६३ वर्षांनीं, नव्वदाव्या वर्षीं, दृष्टि अधू झालेली ही वृद्धा व्हिएन्नास आली तेव्हां हजारों लोक तिला पाहावयास जमले.

१४ मार्च १९८९ रोजीं स्वित्झर्लंडमधील झित्सर्स येथें, ९६ व्या वर्षीं, ती निवर्तली. तिची अंत्ययात्रा व्हिएन्नांत १ एप्रिलला, म्हणजे कार्लच्या पुण्यतिथीसच, निघाली. १९१६ सालीं फ्रान्झ जोसेफला नेणारा काळा रथच तिच्यासाठीं बाहेर काढला होता. कॅपुचिन साधूंच्या तळघराशीं जुनी रीत पाळली गेली. दार ठोठावून तिच्या सर्व पदव्यांचा उच्चार झाला. आंतून उत्तर आलें कीं, हिला आम्हीं ओळखत नाहीं. दुसऱ्यांदाहि तेंच. तिसऱ्या खेपेस, झीटा नांवाची एक पापी मर्त्य मनुष्य, एवढेंच सांगितलें, तेव्हां दार उघडलें.

कार्ल मात्र अजून मदीरा बेटावरच आहे; २००४ सालीं पोपनें त्याला धन्य पुरुष म्हणून घोषित केलें. झीटाचें हृदय तेवढें वेगळें काढून स्वित्झर्लंडांतील मुरी मठांत ठेवलें आहे. कार्लचेंहि तेथेंच आहे.