परवचा आणि सरावपुस्तक : जुन्या उजळणीच्या पानांवरून कांहीं विचार

जुन्या घराण्यांचे रुमाल सोडतांना सनद, महजर किंवा निवाडपत्र हातीं आलें म्हणजे संशोधकाचे श्रम सार्थकीं लागतात. त्याच रुमालांतून मधूनमधून उजळणीचीं पानेंही निघतात. तीं मात्र पोरांच्या कित्त्याचीं म्हणून बाजूस सारलीं जातात. आम्हींही तीं तशींच सारीत आलों, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. त्यांकडे पुन्हां वळण्यास निमित्त झालें तें वांगणीचें.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूर व शेलू यांच्या दरम्यान वांगणी हें स्थानक आहे. या गांवांत दृष्टिहीन माणसांचीं बरींच कुटुंबें येऊन राहिलीं असून त्यांपैकीं कित्येकजण लोकल गाड्यांत लहानसहान वस्तू विकून निर्वाह करितात. १७ एप्रिल २०२१ रोजीं याच स्थानकांत एका दृष्टिहीन मातेचें मूल फलाटावरून रुळांवर पडलें, तेव्हां पॉइंटमन मयूर शेळके यांनीं येत्या गाडीसमोर धांवत जाऊन त्यास वांचविलें, व गांवाचें नांव सर्वांच्या तोंडीं झालें. तेथील एका परिचितांनीं आम्हांस विचारलें कीं, आईबाप दोघेही दृष्टिहीन, मूल डोळस व इयत्ता दुसरींत आहे. त्यास गणिताची शिकवणी लावावी कीं सरावपुस्तक आणून द्यावें, आणि द्यावें तर कोणतें? प्रश्न घरगुती खरा. पण छापील पुस्तकांतील उत्तर बरोबर कीं चूक हें पाहणारे डोळे त्या घरांत नाहींत. आणि डोळ्यांवांचून गणित घोकून घेण्याची एक सबंध रीत महाराष्ट्रांत नांदत होती, हें त्या सारून ठेवलेल्या पानांनीं आम्हांस आठवून दिलें.

पंतोजीच्या शाळेंत पुस्तक असें नव्हतेंच म्हटलें तरी चालेल. देवळांत किंवा कोणाच्या ओसरीवर मुलें बसत, धुळपाटीवर अक्षर व अंक गिरवीत, आणि पाढे सर्व मिळून मोठ्यानें म्हणत. घरीं दिवेलागणीस परवचा होई. तींत श्लोक, वार, तिथि व नक्षत्रें यांबरोबर पाढे म्हटले जात. चूक झाली कीं ताल मोडे, व ती घरांतील निरक्षर आजीच्याही कानांस कळे. तपासनीस कान होता, डोळा नव्हे. उजळणीचें पान हें त्या म्हणण्याचें टांचण. तें वाचावयाचें नसून विसरल्यास पाहावयाचें होतें, असें आमचें मत आहे.

पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येतात. हल्लींच्या वाचकास हें नुसतें ओझें वाटेल. परंतु ज्यांनीं मोडी जमाखर्च वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, पाव एका दंडानें (।), अर्धा दोन दंडांनीं (॥) व पाऊण तीन दंडांनीं (॥।) दाखवीत. रुपयाचे सोळा आणे, म्हणून चार आणे हाच पाव व त्याचा एकच दंड. साडेतीन आणे शेर या भावानें सात शेरांचे किती, हें औटकी येणारा वाणी बोटही न मोजतां सांगे : साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया व वर अर्धा आणा. पाढा, लिपि व नाणें हीं तिन्हीं एकाच मापाचीं होतीं.

या शब्दांचें वयही थोडें नाहीं. औट हा अर्धचतुर्थ या संस्कृत शब्दापासून प्राकृत अद्धुट्ठ या द्वारें आला. चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. अडीच हा तसाच अर्धतृतीय. पुढच्या संख्येकडे पाहून मागची सांगण्याची ही रीत एकोणवीस, एकोणतीस यांतही आहे.

गणिताच्या शिक्षणास समाजानें आश्रय द्यावा हीही नवी कल्पना नव्हे. चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रसिद्धीस आणला. भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनाकरितां मठ स्थापिला, त्यास निकुंभ वंशांतील सोइदेवानें दान दिलें. लेखाच्या मराठी भागांत मठास काय काय मिळावें तें सांगितलें आहे, त्यांत घाण्यामागें पळी पळी तेलही आहे. लीलावतीच्या पठणास तेल्यानें पळीभर तेल द्यावें, या नोंदीपुढें आम्हांस पुष्कळ ताम्रपट फिके वाटतात.

छापील पुस्तकें आलीं तीं इंग्रजी अंमलांत. मुंबईस १८२२ सालीं स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या कामांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं मराठी गणिताचीं पुस्तकें सिद्ध करण्यांत पुढाकार घेतला, व पुढें केरो लक्ष्मण छत्रे यांनीं अंकगणितावर शालेय पुस्तक लिहिलें. या पुस्तकांनीं रीत शिकविली, कारण सांगितलें; हा लाभ मोठाच होता. उजळणीचा गौरव करितांना हें विसरूं नये. सातांचा पाढा बिनचूक म्हणणारें मूल सात टोपल्यांत सात सात आंबे किती, या प्रश्नास अडखळतें, हें पूर्वींही घडत असे व आजही घडतें.

पाढ्यांच्या पायाखालची जमीन सरकली ती मात्र पुस्तकांनीं नव्हे, नाण्यांनीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नीट बसले, पण एका आण्याचे सव्वासहा! पाठोपाठ शेर व मण जाऊन किलोग्रॅम आला. औटकी तेव्हांपासून निराधार झाली. सवाई-दिडकी मात्र पाव किलो, अडीच मीटर, पाऊण तास या रूपानें बोलण्यांत राहिल्या आहेत.

अलीकडचा वाद २०१९ चा. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकांत बावीस या शब्दासोबत 'वीस दोन' असें संख्यावाचन दिलें गेलें, व त्यावर बरीच टीका झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. आम्ही जुन्या शब्दांचे अभिमानी; तथापि त्यांचा मुद्दा टाकाऊ होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. बावीस म्हणतांना दोन आधीं येतो व लिहितांना वीस आधीं. यामुळें मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितें. जुना शब्द टाकूं नये, पण त्याची फोड मुलास सांगावी, एवढें त्यांतून घेण्यासारखें आहे.

आतां वांगणीच्या प्रश्नाकडे. शाळेचें पाठ्यपुस्तक हेंच मुख्य. सरावपुस्तक त्याच्या जोडीचें असावें. त्यांत एका प्रकारचीं शंभर उदाहरणें असण्यापेक्षां थोडीं पण वस्तूंचीं, पैशांचीं व वेळेचीं असावींत, आणि पावकी ते अडीचकी दहापर्यंत दिलेली असावी. तिसापर्यंतच्या पाढ्यांची झगमगीत यादी पाहून भुलूं नये. शिकवणी लावावयाची तर शाळेंतील शिक्षकांकडे नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें त्यांस खासगी शिकवणीची मनाई आहे. शेजारचें मोठें मूल आठवड्यांतून दोनदां वही तपासूं शकेल तर तेवढेंही पुरे. रोजचें काम आईबापांनीं स्वतः करावें : दिवे लागले कीं परवचा, व तिच्या शेवटीं त्या दिवशींच्या विक्रीचा तोंडी हिशेब मुलाकडून करवावा. ज्यांस नोटा व नाणीं स्पर्शानें ओळखून लोकलच्या गर्दींत मोड द्यावी लागते, त्यांच्याहून चांगला हिशेबाचा पंतोजी त्या मुलास कोठें मिळणार? हें उत्तर आम्हीं कळविलें. त्यानंतर कळलें कीं, परवचा सुरू झाली आहे, मात्र औटकीही मुलानें हट्टानें मागून घेतली, कारण तिचें नांव त्यास गंमतीचें वाटलें.

संग्राहकांस एक विनंति. उजळणीचें पान मिळाल्यास त्यावरील पाढ्यांचा क्रम व कोष्टकें उतरून घ्यावींत, कारण त्यांवरून काळ ठरविण्यास मदत होते. आणे-पै व शेर-मण असल्यास पान बहुधा १९५७ पूर्वींच्या रिवाजाचें. छापील अंकलिपींत 'नवे पैसे' हे शब्द असल्यास ती १९५७ नंतरची, आणि 'नवे' हें विशेषण १९६४ सालीं गळालें असल्यानें प्रायः त्यापूर्वींची समजावी. हाताच्या पानाची पाठही पाहावी. कागद वांचविण्याकरितां कधीं कधीं जमाखर्चाच्या कोऱ्या बाजूवर मुलास उजळणी लिहून दिलेली असते, आणि तेथें मिति सांपडण्याचा संभव असतो.