सांडलं कोणी, निस्तरायचं कोणी?

न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलमध्ये पुरलेला रासायनिक कचरा घरांच्या तळघरांत पाझरतोय, हे १९७८ साली गाजलं. त्यातून १९८० चा 'सुपरफंड' कायदा आला. ज्याने घाण केली त्यानेच निस्तरायची, जुनी असली तरी!

जुलै २०२३ मध्ये व्हरमाँटच्या राजधानीत, माँटपिलिअरच्या बाजारपेठेत, पुराचं पाणी शिरलं. मे २०२४ मध्ये गव्हर्नरांच्या सहीविनाच तिथे कायदा झाला: १९९५ पासूनच्या प्रदूषणाचा वाटा बड्या तेल-कोळसा कंपन्यांनी भरायचा. डिसेंबरात न्यूयॉर्कनेही तेच केलं. २५ वर्षांत ७५ अब्ज डॉलर!

२०२५ मध्ये केंद्र सरकारनेच दोन्ही राज्यांना कोर्टात खेचलं. धूर वेशीबाहेरचा, राज्यांना अधिकार नाही म्हणे. पण गाळ तर वेशीच्या आतच साचला ना? मला तरी व्हरमाँटचं पटतं. तुम्हाला?