पुशरॉडची 'योग्य' लांबी: एका मापातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

आराखडा लिहायला बसलं की बहुतेकांची अडचण एकच असते: विषय असतो, प्रश्न नसतो. 'मोटरसायकल इंजिनाचा विकास' हा विषय झाला. त्यातून प्रश्न कसा निघतो, ते आज एका लहानशा भागावरून पाहू. हा भाग म्हणजे पुशरॉड.

आधी त्याचं काम समजून घ्या. जुन्या घडणीच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात कॅम खाली असतो आणि व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला उचलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह उघडतं. पुशरॉड जास्त लांब झाला तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं, पुढे व्हॉल्व्ह जळतो. आखूड झाला तर मध्ये फट राहते आणि टॅपेट वाजायला लागतात.

मग योग्य लांबी किती? पुशरॉड एकटा हातात घेऊन हे सांगताच येत नाही. हेड घासून घेतलं की रॉकर खाली येतो, म्हणजे पुशरॉड आखूड लागतो. जाड गॅस्केट टाकलं की लांब लागतो. कॅम पुन्हा ग्राइंड केला की त्याचा मूळ गोल भाग लहान होतो, पुन्हा लांब लागतो. बाकीच्या सगळ्या भागांतला थोडाथोडा फरक शेवटी या एका दांड्याशी येऊन साचतो. इतिहासाचा प्रश्न इथून निघतो: हा फरक सांभाळायचं काम त्या त्या काळात कोणावर टाकलं होतं?

आपल्या ओळखीची बुलेट घ्या. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. ब्रिटनमध्ये बुलेटचं उत्पादन १९६० च्या दशकात थांबलं, मद्रासला ते चालू राहिलं. या जुन्या बुलेटच्या पुशरॉडची लांबी नटाने कमीजास्त करता येत असे. इंजिन थंड, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि मग मिस्त्रीची कसोटी: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फरक सांभाळायचं काम इथे मिस्त्रीच्या बोटांवर होतं आणि ते दर काही काळाने पुन्हा करावं लागे.

हेच काम तेलावर सोपवायची कल्पना बरीच जुनी आहे. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढायची सोय होती. हायड्रॉलिक टॅपेटच्या आत एक प्लंजर असतो, तो तेलावर तरंगत फट आपोआप भरतो. बुलेटच्या घराण्यात ही सोय फार उशिरा आली. भारतात २००९ मध्ये आलेल्या क्लासिक ५०० ला पुशरॉड होते, पण टॅपेट हायड्रॉलिक. सेट करायला काही उरलं नाही. २०२० च्या मीटिऑर ३५० मध्ये तर कॅमच वर गेला आणि पुशरॉड संपला.

इथपर्यंत वाचून तुम्ही लिहाल: 'यंत्र सुधारलं, हातचं कौशल्य गेलं.' थांबा. हा निष्कर्ष फार पटकन हाती येतो, म्हणूनच तपासायला हवा.

त्यासाठी अमेरिकेत जाऊ, कारण पुशरॉडची इंजिनं उघडून बदलायची सवय तिथे मोठी आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमधलं एलएस१ इंजिन पाहा. टॅपेट हायड्रॉलिक आणि रॉकर ठरावीक उंचीवर बोल्टने बसवलेले, फट सेट करायला जागाच नाही. कारखान्यातून आलं तसं ठेवलं तर मापाची चिंता नाही. पण हेड घासलं किंवा कॅम बदलला, की योग्य लांबीचा पुशरॉड मोजून मागवावा लागतो. त्याची रीत अशी: टॅपेट कॅमच्या गोल भागावर आणायचा, लांबी बदलता येणारा मोजणीचा पुशरॉड बसवायचा, सगळी फट जाईपर्यंत तो लांबवायचा, मग काढून मोजायचा. त्यात प्लंजर दाबून ठेवण्यापुरती लांबी मिळवायची, साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. म्हणजे ज्या इंजिनाला 'सेटिंग लागत नाही', तेच उघडल्यावर सगळ्यांत काटेकोर माप मागतं. कौशल्य संपलं नाही. ते बोटांकडून मोजपट्टीकडे आणि देखभालीकडून फेरबांधणीकडे गेलं.

उलट बाजूही पाहा. १९५५ च्या शेव्हरले व्ही-८ मध्ये प्रत्येक रॉकर एका स्टडवर बसतो आणि वरच्या नटाने फट जुळवता येते. सोयीचं आहे, पण त्यामुळे चुकीच्या लांबीचा पुशरॉडही खपून जातो. फट बरोबर येते, रॉकरचा कोन मात्र बिघडतो. त्याचं टोक व्हॉल्व्हवर जास्त घासत सरकतं आणि व्हॉल्व्ह गाइड झिजतं. म्हणून जाणकार व्हॉल्व्हच्या माथ्यावर शाई लावून इंजिन हाताने फिरवतात. घासल्याचा पट्टा अरुंद आणि मध्यावर आला तर लांबी ठीक. समायोजनाची सोय चूक दुरुस्त करते तशी ती लपवतेही.

आता तुमच्या विषयाकडे वळा. यंत्र, कायदा, जनगणनेचा तक्ता, काहीही असो. त्यात 'ठरलेलं' माप कोणतं आहे? ते बाकी कोणत्या गोष्टींवर टेकलेलं आहे? फरक पडला तर तो कोण भरून काढतं: कारखाना, कारकून, मिस्त्री की वापरणारा? आणि त्या माणसाची नोंद तुमच्या साधनांत सापडते का? सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पद्धत लिहिलेली असते, पण 'सहज फिरणं' म्हणजे नेमकं किती, हे समजून घ्यायला गॅरेजमध्येच जावं लागतं. मुलाखतींची परवानगी, वेळ आणि प्रवासखर्च आराखड्यात आधीच धरा. नंतर त्यासाठी जागा उरत नाही.