धारवाडच्या शाळेचे दार

शाळेचा विषय निघाला की आपण सीमाभागातली माणसे आधी माध्यमावर बोलतो. ते साहजिकच आहे. पण माध्यम ठरवणारे कोण, आणि त्यांना निवडणारे कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. मुंबई इलाख्याचा शैक्षणिक इतिहास वाचताना मला हाच प्रश्न छळत राहिला. बेळगाव-धारवाड तेव्हा त्याच इलाख्यात होते.

१८४० साली इलाख्यात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले. एक अध्यक्ष व सहा सभासद. तिघे सरकारने नेमायचे, तिघे मुंबईच्या ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ने निवडायचे. सोसायटीने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांना पाठविले. एतद्देशीय सभासद साहेबाच्या मांडीला मांडी लावून मत देतात, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण त्यांना निवडणारी मंडळी मुंबईतलीच, प्रतिष्ठित. आमच्याकडच्या खेड्यातल्या कुणब्याला तिथे कोण विचारतो!

१८४३ मध्ये न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच हवे, असा त्यांचा आग्रह. तिन्ही एतद्देशीय सभासद आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. वाद सरकारपर्यंत गेला. १८४८ मध्ये आलेले उत्तर गुळमुळीत होते. व्यवहारात कल पेरींकडे गेला. शंकरशेटांची बाजू मला आजही पटते. मात्र १८५०-५१ चा बोर्डाचा अहवाल वाचून मन खट्टू होते. पैसा अपुरा, तेव्हा आधी वरच्या वर्गांना शिकवावे, असा त्याचा रोख. पुढे १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हाच अहवाल मांडला, तो उगीच नव्हे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ मध्ये बोर्ड गेले आणि शिक्षणखाते आले. निवडून आलेल्या सभासदांची जागा डायरेक्टरने घेतली.

खाते तेव्हा नवेच होते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेलेल्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. न्याय मुलाच्या बाजूला आहे, हे सरकारने मान्य केले. पण एकट्यासाठी दार उघडले तर बाकीच्यांना शाळेचा उपयोग राहणार नाही, म्हणून हस्तक्षेप करणे नाकारले. न्याय कबूल करून अन्याय कायम ठेवायचा, हा सरकारी कारभार आपल्याही ओळखीचा आहे. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याहून हिंदुस्थान सरकारने विचारले, की बंगालमध्ये असा नकार मिळाला नसता, तुमच्याकडे कसा मिळाला? १८५८ मध्ये लंडनच्या संचालकांनी बजावले, की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत.

धारवाडच्या एका बाकासाठी कलकत्ता आणि लंडनपर्यंत कागद फिरले. तरी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच प्रश्न पुन्हा आला, आणि केवळ जातीवरून कोणाला प्रवेश नाकारू नये हे तत्त्व त्यालाही पुन्हा लिहावे लागले.