सूचनापेटीची चावी कुणाकडे?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त ऑफिसचं आहे, पण घाबरू नका, ऑफिसचं गाऱ्हाणं नाही. यंदा एक नवं काम माझ्या गळ्यात पडलंय. कंपनीतल्या लोकांना धंद्याच्या नव्या कल्पना सुचल्या, तर एआयच्या मदतीने त्या पुढे न्यायला त्यांना हात द्यायचा. मी ट्रेनिंग विभागात, म्हणून हे माझ्याकडे. आता कुठलंही काम हाती आलं की आधी त्याचा इतिहास उकरायचा ही माझी जुनी खोड घरच्यांना माहीतच आहे. तर हा लेख म्हणजे तो इतिहास, आणि तो वाचून झालेलं माझं मत.

सुरुवात सूचनापेटीपासून करू. स्कॉटलंडमध्ये डंबार्टन नावाचं गाव आहे. तिथे विल्यम डेनी यांची जहाजं बांधायची गोदी होती. १८८० मध्ये त्यांनी कामगारांसाठी बक्षीस योजना सुरू केली. काम सोपं किंवा स्वस्त करणारी युक्ती सांगा आणि पैसे घ्या. कारखान्यातल्या सूचना योजनांचा इतिहास बहुतेक जण इथूनच सांगायला लागतात. अमेरिकेत कोडॅकने १८९८ मध्ये अशी योजना आणली. तिथलं पहिलं बक्षीस २ डॉलरचं, आणि सूचना काय, तर खिडक्या धुवा म्हणजे कामाच्या जागी उजेड येईल! मला ही गोष्ट फार आवडते. कारण खिडकी मळली आहे हे तिच्याजवळ दिवसभर उभं राहणाऱ्यालाच कळतं, वरच्या मजल्यावरच्या साहेबाला नाही.

जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये सूचना योजना सुरू केली. कल्पना फोर्डच्या कारखान्यात पाहिलेली, पण टोयोटाने ती इतकी मुरवली की पुढे अमेरिकेतले लोक ती शिकायला जपानला जाऊ लागले.

पण सूचना वेगळी आणि नवा धंदा वेगळा, बरं का. खिडकी धुवायला बादली पुरते. नवा धंदा करायला वेळ, पैसा आणि वरून कुणाची तरी मान डोलावी लागते. या बाबतीत थ्री एम कंपनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

थ्री एम तेव्हा मुख्यतः सँडपेपर बनवायची. रिचर्ड ड्रू हा तरुण १९२१ मध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. इंजिनियरिंगचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पूर्वी डान्स बँडमध्ये बँजो वाजवायचा. सँडपेपरचे नमुने घेऊन तो गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जाई. त्या काळी दोन रंगांच्या गाड्यांची टूम होती. एक रंग झाकायला कागद चिकटवायचा, दुसरा रंग मारायचा, आणि कागद काढताना ओला रंगही सोबत निघायचा. रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकून ड्रूने ठरवलं की आपण चांगली चिकटपट्टी बनवू. कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी त्याला सांगितलं, हे सोड आणि सँडपेपरचं बघ. गड्याने काही दिवस ऐकलं आणि पुन्हा सुरू केलं. पुढे एक यंत्र हवं होतं, त्याला मंजुरी मिळेना. १०० डॉलरपर्यंतची खरेदी त्याच्या अधिकारात होती, म्हणून पठ्ठ्याने ९९-९९ डॉलरच्या ऑर्डरी काढल्या, असं थ्री एमच्या इतिहासात सांगतात. १९२५ मध्ये मास्किंग टेप बाजारात आली आणि १९३० मध्ये पारदर्शक सेलोटेपचा अवतार.

खरी गंमत पुढे आहे. मॅकनाइटने यातून धडा घेतला. १९४८ मध्ये त्याने आपलं धोरण लेखी मांडलं. थोडक्यात असं, की माणसांवर जबाबदारी टाकली की चुका होणार, पण साहेबाने प्रत्येक गोष्ट कशी करायची हे सांगत बसण्याने होणारं नुकसान त्याहून मोठं. तिथल्या तंत्रज्ञांना कामाच्या वेळेतला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभाही याच विचारातून आली.

त्याच घरात पोस्ट-इट जन्मलं. स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये एक कमजोर गोंद शोधला, चिकटतो आणि सहज सुटतो. अशा गोंदाचं करायचं काय, हे वर्षानुवर्षं कुणाला सुचेना. १९७४ मध्ये आर्ट फ्रायला सुचलं. चर्चमध्ये गाताना त्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडायच्या! १९७७ मध्ये चार शहरांत विक्री करून पाहिली, लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी बॉइसी नावाच्या शहरात फुकट नमुने वाटले, तेव्हा लोकांना त्याची चटक लागली. १९८० मध्ये पोस्ट-इट अमेरिकाभर गेलं. तो १९७७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उलट बाजू. वर खिडक्या धुणारी कोडॅक आली ना, त्याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्ह सॅसन या चोविशीच्या इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. साहेब लोकांना दाखवला तर त्यांचा प्रश्न, टीव्हीच्या पडद्यावर फोटो कोण बघणार? कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे बनवले, पेटंटवर पैसेही मिळवले, पण जीव फिल्मच्या धंद्यातच अडकलेला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडण्याची कारणं पुष्कळ, एकाच मीटिंगवर सगळं ढकलायला नको. पण सूचनापेटी असून काय झालं, हा प्रश्न उरतोच.

अशा घरातल्या घरात धंदा उभा करणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘इंट्राप्रेन्युअर’ म्हणतात. गिफर्ड पिंचोट यांनी १९८५ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि शब्द रुळला. अलीकडचा मला आवडलेला प्रयोग अडोबी कंपनीचा. मागेल त्या कर्मचाऱ्याला एक लाल डबा मिळे. त्यात १००० डॉलरचं कार्ड, कल्पना तपासण्याच्या सहा पायऱ्या, वही-पेन आणि चक्क चॉकलेट. पैसे कशावर खर्च केले याचा हिशेब साहेबाला द्यायचा नाही. २०१५ मध्ये त्यांनी हा डबा जगाला खुला केला.

इथे जरा घरची गोष्ट. आमचे बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्याचं नाव घेत नाही. मशीनवरचं कूलंट सांडून जमीन निसरडी व्हायची. बाबांच्या डोक्यात होतं की मशीनखाली पत्र्याचा उतरता ट्रे आणि तोंडाशी जाळी बसवली तर कीस वर अडकेल, कूलंट गाळून परत वापरता येईल, आणि तसले ट्रे बनवून शेजारच्या छोट्या वर्कशॉपना विकताही येतील. सूचनेचा फॉर्म इंग्रजीत. बाबांनी मराठीत सांगितलं, ऑफिसातल्या कारकुनाने इंग्रजीत उतरवलं, आणि उतरलं काय, तर ‘मशीनभोवती स्वच्छता ठेवावी’. महिनाभराने आभाराची चिठ्ठी आली. बाबा चिडले नाहीत, पण त्यानंतर पेटीत काही टाकलं नाही. आत्याला हे ठाऊक आहे, ती अजून त्यांना ‘ट्रेवाले शेठ’ म्हणते.

आता येते एआयवर. ही फॉर्मची भिंत एआय खरोखर पाडतंय. आमच्याकडे मी माणसाला फोन हातात देते आणि म्हणते, तुमच्या भाषेत बोला, काय अडतंय, काय सुचतंय. त्यातून इंग्रजी टिपण तयार होतं. मग एआयलाच विचारायला लावते, यात कच्चं काय आहे, कोण विकत घेईल, खर्च कुठे येईल, आधी कुणी केलंय का. बाजाराचा अंदाज, छोटा नमुना, चार पानांचं सादरीकरण, याला पूर्वी एमबीए झालेला मित्र लागायचा. आता एक दुपार पुरते. अर्थात एआय आकडे बिनदिक्कत रचून सांगतं, म्हणून प्रत्येक आकडा तपासायचा, आणि कंपनीची गुपितं बाहेरच्या एआयला द्यायची नाहीत, हे दोन नियम पहिल्याच दिवशी.

मोठ्या कंपनीत याचा प्रयोगही झालाय. प्रॉक्टर अँड गँबलच्या ७७६ कर्मचाऱ्यांवर हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआय घेऊन एकटा बसलेला माणूस, एआय नसलेल्या दोघांच्या जोडीइतकं चांगलं काम करत होता. एरवी संशोधनवाले तांत्रिक उत्तरं देतात आणि विक्रीवाले विक्रीची. एआय सोबत असताना हा फरक बराच पुसला गेला. लेथवरच्या माणसाला हे केवढं मोठं आहे, विचार करा.

पण दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये दोशी आणि हाउझर या संशोधकांनी लोकांना छोट्या कथा लिहायला लावल्या. एआयकडून कल्पना घेतलेल्या कथा एकेकट्या जास्त चांगल्या ठरल्या, पण सगळ्या मिळून एकमेकींसारख्या झाल्या. मलाही हेच दिसतंय. टिपणं गुळगुळीत, सगळीकडे तेच शब्द, आणि ज्याने मशीनजवळ उभं राहून पाहिलं तो माणूसच त्यातून गायब. बाबांच्या कारकुनाने जे केलं तेच, फक्त चांगल्या इंग्रजीत! म्हणून मी प्रत्येक टिपणासोबत मूळ बोलणं, जसंच्या तसं, जोडायला सांगते. वाचणाऱ्याने आधी ते ऐकायचं.

आणि आता खरा मुद्दा. वरून असा प्रस्ताव आलाय की कल्पना फार येताहेत, तर एआयनेच त्यांना गुण द्यावेत आणि कमी गुणांच्या परस्पर गाळाव्यात. माझा याला विरोध आहे. आठवा तो १९७७ चा आकडा. तो हातात असताना पोस्ट-इटला कुठल्याही यंत्राने किती गुण दिले असते? सॅसनच्या कॅमेऱ्याला किती? जुना हिशेब पाहूनच गुण द्यायचे तर मळलेल्या खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं आहे. हा सगळा इतिहास वाचून मला एकच दिसलं. कल्पना कधीच कमी नव्हत्या. कमी होता ऐकणारा, आणि ‘जा, करून बघ’ म्हणणारा. एआयने लिहिण्याचा, मांडण्याचा वेळ वाचवला असेल तर तो वेळ साहेबांनी ऐकण्यात घालवावा. तोही एआयवर सोपवला तर आपण फक्त पेटी चकचकीत केली, कुलूप तसंच.

पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. मी मागणार आहे ते एवढंच. गाळायच्या प्रत्येक कल्पनेवर एका जिवंत माणसाची सही, कारण सुचवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं, आणि तरीही ज्याला करून बघायचंय त्याला थोडे पैसे आणि आठवड्यातले चार तास. मान्य होईल का? माहीत नाही. एक साहेब आपल्या बाजूने आहेत, बाकीच्यांचं बघू.

तुमच्यापैकी जे कारखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत आहात किंवा होतात, तुमच्याकडची सूचनापेटी कशी होती? तुम्ही टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं? जरूर लिहा, मीटिंगच्या आधी लिहिलंत तर आणखी बरं. असो. बाकी पुन्हा कधीतरी.